एक लिटर म्हणजे नेमकं किती? चमच्यापासून टाकीपर्यंत पाणी मोजायला शिकताना

आमच्या सोसायटीच्या पंपरूममध्ये दारामागे एक पांढरी पीव्हीसी नळी उभी असते. तिच्यावर दर सेंटिमीटरला रेघ आहे आणि दर दहा सेंटिमीटरला आकडा. पाण्याचं काम माझ्याकडे आलं तेव्हा ही नळी नव्हती. "टाकी अर्धी आहे", "तळाला गेलंय", "आज टँकर लागेल बहुतेक" अशा अंदाजांवर कारभार चालायचा. मला स्वतःलाही अर्धी टाकी म्हणजे किती लिटर हे सांगता येत नव्हतं. मग मी मोजायला शिकले. सुरुवात टाकीपासून न करता स्वयंपाकघरातून केली, आणि तुम्हीही तिथूनच करा असं सांगेन. लिटरभर पाणी नीट मोजता आलं की पाच हजार लिटरही येतात.

सामान थोडंच लागतं: एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा घरगुती डिजिटल काटा, सरळ उभ्या अंगाची एक पारदर्शक बाटली, कागदी चिकटपट्टी, पक्क्या शाईचं पेन, सुई नसलेली दहा मिलीची सिरिंज आणि शिंप्याकडे असते तशी मापाची टेप.

पहिलं काम: स्वतःचं एक लिटर तयार करा

घरातल्या कुठल्याच भांड्यावर लगेच विश्वास ठेवू नका. लिटरच्या बाटलीत गळ्यापर्यंत पाणी भरलं तर ते लिटरपेक्षा जास्त भरतं, कारण कारखान्यात वर थोडी जागा मोकळी ठेवलेली असते. तांब्या, फुलपात्र, वाटी यांचं तर प्रत्येक घरात वेगळं माप. माझ्या स्वयंपाकघरातल्या एकाच रॅकवर १४० मिलीची वाटी आहे आणि २१० मिलीचीही. पाककृतीत मात्र दोन्ही "एक वाटी".

पाण्याची एक गोष्ट आपल्या फार कामाची आहे. एक लिटर पाण्याचं वजन जवळजवळ एक किलो भरतं. जवळजवळ अशासाठी, की पाणी तापलं की किंचित पसरतं. ३० अंश सेल्सिअसला एक लिटर पाणी साधारण ९९६ ग्रॅम भरतं. चार ग्रॅमचा फरक घरच्या कामात सोडून दिला तरी चालतो. म्हणून असं करा:

१. बाटलीला उभी चिकटपट्टी लावा. काटा सपाट ओट्यावर ठेवा, त्यावर रिकामी कोरडी बाटली ठेवून काटा शून्यावर आणा.
२. पाणी ओता. काट्यावर १०० ग्रॅम आले की थांबा, पाणी स्थिर होऊ द्या आणि पातळीशी बारीक रेघ मारा. मग २००, ३०० असं करत १००० पर्यंत जा.
३. बाटली रिकामी करा आणि तेच पुन्हा एकदा करा. रेघा जुळल्या तर तुमचं माप तयार. जुळल्या नाहीत तर बहुधा बाटली दाबली गेली असेल. मऊ प्लास्टिकची बाटली हातात धरली की तिची पातळी वर सरकते. मोजताना ती टेकवूनच ठेवायची.

आता घरातली प्रत्येक वाटी, पेला, डाव, पळी या बाटलीशी किंवा थेट काट्यावर पडताळून पाहा आणि आकडे फ्रीजवर चिकटवून ठेवा. या कामाला अर्धा तास जातो, पण पुढे रोज उपयोग होतो.

वजनावरून माप काढायची ही सोय पाण्यापुरती आहे, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. खाद्यतेल पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून एक लिटर तेलाच्या पिशवीवर ९१० ग्रॅमच्या आसपासचा आकडा छापलेला दिसतो. तिथे कुणी फसवलेलं नसतं. दूध पाण्याहून थोडं जड, लिटरला साधारण १०३० ग्रॅम. मध तर लिटरला १४०० ग्रॅमच्या आसपास जातो. एक किलो तेल आणि एक लिटर तेल यांच्या किमतीची तुलना करताना हा फरक हिशेबात धरा. किलोभर तेल म्हणजे जवळजवळ ११०० मिली.

जुन्या बोलीनेही थोडा गोंधळ होतो. "पावशेर दूध" आपण आजही म्हणतो आणि पाव लिटर घेतो. वजनाचा शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा होता. त्याचा पाव म्हणजे २३३ ग्रॅम. दशमान मापं आली आणि शब्द तोच राहून त्याच्या पोटातलं माप वाढलं. आजीच्या वहीतली पाककृती करताना मी हे तपासून घेते.

डोळा पातळीला आणा

नवखा माणूस सगळ्यात जास्त चुकतो तो वाचताना. बाटली हातात उचलून, वरून डोकावून वाचली की आकडा चुकतो. भांडं सपाट जागी ठेवा आणि आपण वाका, म्हणजे डोळे पाण्याच्या पातळीला येतील. ओटा सपाट आहे की नाही याची शंका असेल तर भांडं तिथल्या तिथे अर्धा फेरा फिरवा. वाचन बदललं तर ओटा कललेला आहे.

अरुंद काचेच्या नळीत पाहिलंत तर पाणी कडेला थोडं वर चढलेलं आणि मध्ये खोलगट दिसेल, उथळ वाटीसारखं. वाचायची ती मधली, सगळ्यात खालची जागा. जुन्या थर्मामीटरमधला पारा उलटा वागतो, तो मध्ये फुगतो. तिथे फुगवट्याचा माथा वाचतात. पाणी काचेला धरून ठेवतं, पारा काचेपेक्षा स्वतःलाच जास्त धरून राहतो, म्हणून हा फरक. रुंद पातेल्यात ही वाकलेली कड जाणवतच नाही.

दुधावर किंवा साबणाच्या पाण्यावर फेस असेल तर तो बसू द्या. फेसात मुख्यतः हवा असते.

थोडं मोजायचं असतं तेव्हा

लिटरमध्ये पाच मिलीची चूक कुणाला कळत नाही. पाच मिली औषधात तीन मिलीची चूक झाली तर डोस बिघडतो. म्हणून माप जितकं लहान, तितकं भांडं अरुंद हवं. अरुंद नळीत थोडंसं पाणीही पातळी बरीच वर नेतं, आणि रेघ ओळखणं सोपं जातं. पेट्रोल पंपावर शंका आली तर पाच लिटरचं प्रमाणित माप मागून तपासून घेता येतं. ते मापही वर निमुळतं असतं, याच कारणाने.

लहान मुलाचं पातळ औषध चहाच्या चमच्याने देऊ नका. औषधाच्या भाषेतला एक चमचा म्हणजे ५ मिली, आणि डब्यातले चमचे कुणी तीनचे, कुणी सातचे. औषधासोबत आलेलं मापाचं टोपण किंवा सिरिंज वापरा. सिरिंजमध्ये दट्ट्याच्या रबराची जी कड तोंडाच्या बाजूला असते, ती ज्या रेघेवर येईल तो आकडा. हवेचा बुडबुडा आत आला असेल तर तोंड वर करून टिचकी मारा, बुडबुडा बाहेर काढा आणि मग माप घ्या.

जलसंजीवनीच्या बाबतीत माझा आग्रह आणखी जास्त आहे. घरी करताना एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे प्रमाण आहे, चमचा ५ मिलीचा. पाणी कमी पडलं तर मिश्रण जास्त खारट होतं, आणि जुलाबाने आधीच कोरड पडलेल्या बाळाला ते घातक ठरू शकतं. तयार पुडीवर ती किती पाण्यासाठी आहे ते लिहिलेलं असतं. काही पुड्या लिटरच्या असतात, काही २०० मिलीच्या. पुडी फाडायच्या आधी ते वाचा, आणि पाणी त्या खुणा केलेल्या बाटलीतच मोजा.

शेतावर औषध फवारणाऱ्यांसाठीही हेच. शिफारस बहुतेक वेळा दहा लिटर पाण्यासाठी असते आणि पाठीवरचा पंप पंधरा-सोळा लिटरचा. दहा लिटरला २० मिली सांगितलं असेल तर सोळा लिटरच्या पंपाला ३२ मिली लागेल. आणि माप कशाचं? बाटलीच्या टोपणाचं. ते टोपण किती मिलीचं हे एकदाच काढून ठेवा. औषधाचं नको; त्याच आकाराचं कोरं टोपण पाण्याने दहा वेळा काठोकाठ भरून भांड्यात ओता, काट्यावर वजन करा आणि दहाने भागा. एकच टोपण मोजलं तर थेंब-दोन थेंबांची चूक पूर्ण टोपणावर बसते. दहा मोजली की ती वाटली जाते. फवारणीच्या औषधाचं टोपण किंवा माप स्वयंपाकघरात आणायचं नाही, धुऊनसुद्धा नाही.

चिकट पदार्थाचं एक सांगते. काकवी किंवा मध वाटीने मोजला तर बराचसा वाटीलाच राहतो. आधी वाटीला आतून तेलाचं बोट फिरवा, किंवा वाटी मध्ये न आणता पातेलंच काट्यावर ठेवून वजनाने घ्या.

अर्धी उंची म्हणजे अर्धं भांडं नव्हे

पाणी ज्या भांड्यात ओतावं त्याचा आकार घेतं हे शाळेत सगळेच शिकतो. त्यातून निघणारी पुढची गोष्ट मात्र मला टाकीवर उभी राहिल्यावर उमगली: पातळी किती चढेल हे त्या उंचीवर भांडं किती रुंद आहे यावर ठरतं.

नेहमीची प्लास्टिकची बादली खाली निमुळती असते. समजा तळाचा व्यास २४ सेंटिमीटर, तोंडाचा ३२ आणि उंची ३१. ही बादली काठोकाठ साधारण १९.२ लिटर धरते. पण अर्ध्या उंचीपर्यंत भरली तर त्यात फक्त ८.२ लिटर असतात. दोन अर्ध्या बादल्या म्हणजे एक पूर्ण बादली, असं समजणारा दर वेळी जवळजवळ तीन लिटरला मुकतो. नरसाळ्यासारख्या पूर्ण टोकदार भांड्यात अर्ध्या उंचीपर्यंत फक्त आठवा हिस्सा मावतो.

आडवं ठेवलेलं पिंप आणखी फसवतं. २०० लिटरचं पिंप आडवं असताना बरोबर अर्ध्या उंचीला शंभर लिटर असतात, इथपर्यंत ठीक. पण पाव उंचीला पन्नास नसतात, एकोणचाळीसच असतात. तळाशी ते अरुंद, मध्ये रुंद. गोल माठात पाव उंचीला एकूण पाण्याचा जेमतेम सहावा हिस्सा. उन्हाळ्यात माठ "अजून पाव आहे" म्हणून सोडून द्यावा आणि दुपारी तो कोरडा व्हावा, त्यामागे हेच आहे.

अशा वेड्यावाकड्या भांड्यांसाठी सूत्रं शोधत बसू नका. खुणा करणं हा सोपा मार्ग. तुमच्या लिटरच्या बाटलीने एकेक लिटर ओतत जा आणि दर वेळी आत उभ्या धरलेल्या काठीवर ओल्या पातळीशी रेघ मारा. रेघा कुठे दाट, कुठे विरळ येतील. जिथे भांडं रुंद तिथे दाट. ही काठी फक्त त्या भांड्याची, दुसऱ्यात ती चालत नाही, म्हणून तिच्यावर नाव घाला.

टाकीची काठी

सरळ उभ्या भिंतींची टाकी असेल तर काम फार सोपं आहे. एकच आकडा काढायचा: दर सेंटिमीटरला किती लिटर.

चौकोनी टाकीची आतली लांबी आणि रुंदी सेंटिमीटरमध्ये मोजा, गुणाकार करा आणि १००० ने भागा. आमची जमिनीखालची टाकी २४० बाय १८० सेंटिमीटर आहे. २४० गुणिले १८० म्हणजे ४३,२००. भागिले १००० म्हणजे ४३.२. पाणी एक सेंटिमीटर चढलं की ४३.२ लिटर वाढले.

गच्चीवरच्या गोल प्लास्टिकच्या टाकीला बाहेरून टेप गुंडाळून घेर मोजा. घेराचा वर्ग करा, १२.५७ ने भागा, मग १००० ने. घेर ३४६ सेंटिमीटर असेल तर उत्तर सुमारे ९.५ लिटर येतं. टाकीची भिंत सहा मिलिमीटर जाड असेल तर आतला घेर जवळजवळ चार सेंटिमीटरने कमी भरतो आणि उत्तर ९.३ होतं. टाकीला फुगीर पट्टे असतील तर टेप पट्ट्यांवर नको, मधल्या भागावर लावा. वरचा घुमट हिशेबात धरू नका. पाणी तिथपर्यंत जातच नाही.

म्हणूनच टाकीवर छापलेल्या आकड्याइतकं पाणी वापरायला मिळत नाही. आमची खालची टाकी १५० सेंटिमीटर उंच, म्हणजे कागदावर ६,४८० लिटरची. पण ओव्हरफ्लोचा पाइप १३० सेंटिमीटरवर आहे आणि पंपाचा फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तोंडाची झडप, तळापासून १५ सेंटिमीटर वर. मधल्या ११५ सेंटिमीटरचंच पाणी आपलं, ४,९६८ लिटर. तुमच्या टाकीच्या या दोन उंच्या आधी मोजा, बाकीचं नंतर.

काठी म्हणून एक इंची पीव्हीसी नळी घ्या. दोन्ही तोंडं उघडी ठेवा आणि खालच्या टोकाला एक खाच कापा. टाकीत पाणी पडत असलं की वर लाटा उठतात, पण नळीच्या आतलं पाणी शांत असतं. वाचताना नळी उभीच हवी. कलली की आकडा वाढून येतो. आणि दर वेळी तळाला त्याच जागी टेकवा, कारण तळाला धुण्यासाठी उतार दिलेला असतो. ओली रेघ दिसत नसेल तर काठीला खडू घासा.

टाकीत उतरून मोजायचा मोह अजिबात नको. बंद टाकीत हवा विषारी असू शकते, आणि त्यात माणसं गेलेली आहेत. सगळं तोंडावरून करा, आणि काम झालं की झाकण लगेच लावा.

गच्चीवर रोज चढणं नको असेल तर टाकीच्या तळाशी जोडलेली पारदर्शक नळी बाहेरून उभी लावतात. जोडलेल्या दोन भांड्यांत पाणी एकाच पातळीला येतं, नळी कितीही बारीक असो. गवंडीकाका लेव्हलपाइप, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, घेऊन या खोलीची खूण त्या खोलीत नेतात ते याच भरवशावर. पण ते आधी नळीतला बुडबुडा काढतात, तो का, हे पाहून ठेवा: मध्ये हवा अडकली की दोन टोकांच्या पातळ्या जुळत नाहीत. टाकीच्या नळीचंही वरचं तोंड उघडं ठेवा. बूच लावलंत तर आतली हवा पाण्याला वर येऊ देणार नाही आणि टाकी कायम रिकामीच दिसेल.

टँकर मोजायचा तो असा

टँकर यायच्या आधी पंप बंद करा. काठी टाकून आकडा लिहा. टँकर रिकामा झाल्यावर पाच मिनिटं थांबा आणि पुन्हा लिहा. दोन्हींतला फरक गुणिले तुमचा सेंटिमीटरचा आकडा.

पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा आधी २२ आणि नंतर १२६ आलं. १०४ सेंटिमीटर म्हणजे ४,४९३ लिटर. बिल पाच हजार लिटरचं होतं. मला राग आला, तरी भांडायच्या आधी आणखी तीन टँकर मोजले, आणि ते केलं हे बरं झालं. एका दिवशी आकडा ४,९०० च्या वर गेला. टँकर उभा राहायचा ती जागा उताराची होती. तोंड खाली आणि व्हॉल्व्ह मागे असला की पुढच्या बाजूला बरंच पाणी शिल्लक राहायचं. व्हॉल्व्हची बाजू उताराला येईल असा टँकर उभा करायला सांगितला, तेव्हा तेच चालक, तीच गाडी, आणि पाणी पूर्ण. त्या चालकदादांना मी चोर म्हटलं असतं तर आजही त्याची लाज वाटली असती. तुमच्याकडे आकडा कमी आला तर आधी चालू राहिलेला पंप आणि उतार, एवढं तपासा. त्यानंतरही सलग कमी आला तर वही पुढे ठेवून बोला. टँकरची टाकी लंबगोल असते. तिची आतली रुंदी, उंची आणि लांबी मीटरमध्ये गुणून ०.७८५ ने गुणलं की घनमीटर मिळतात, आणि एक घनमीटर म्हणजे १००० लिटर. १.८ बाय १.२ बाय ३ मीटरची टाकी सुमारे ५,०९० लिटरची असते.

हीच काठी गळतीही दाखवते. रात्री सगळे निजल्यावर नळाचा पुरवठा आणि पंप दोन्ही बंद असताना वाचन घ्या, पहाटे पुन्हा घ्या. सहा तासांत दोन सेंटिमीटर उतरले, तर आमच्या टाकीतून ८६ लिटर कुठेतरी गेले.

आणि महापालिकेचं पाणी किती येतं ते पाहायला घड्याळ पुरतं. पंधरा लिटरची खूण केलेली बादली नळाखाली धरा. ५० सेकंदांत भरली तर मिनिटाला १८ लिटर, चाळीस मिनिटांत ७२०.

ओतताना हवेला वाट द्या

भरणं आणि ओतणं यांतही पाण्याइतकंच हवेचं काम असतं. बाटली उपडी केली की ती गुडगुड करत थांबून थांबून रिकामी होते, कारण पाणी बाहेर पडायला हवा आत यावी लागते आणि तोंड एकच असतं. बाटली तिरकी धरा, म्हणजे वरच्या बाजूने हवा जाते आणि धार सलग पडते. तेलाच्या डब्याला दोन भोकं पाडतात ती यासाठीच. नरसाळं बाटलीच्या तोंडात गच्च बसलं की तेल तुंबतं आणि मग एकदम उसळतं. नरसाळ्याच्या नळीशेजारी एक काडी सरकवा, तेवढ्या फटीतून आतली हवा निघून जाते.

बाटलीच्या गळ्याशी आलात की हात आखडता घ्या. अंगात शंभर मिलीने पातळी दीड सेंटिमीटर चढत असेल, तर गळ्यात तेवढंच पाणी काठाबाहेर जातं. फ्रीजरमध्ये ठेवायची बाटली कधीच पूर्ण भरू नका. पाण्याचा बर्फ होताना ते जवळजवळ नऊ टक्क्यांनी फुगतं, लिटरभर पाण्याला नव्वद मिली जागा जास्त लागते. पेट्रोल उष्णतेने पाण्यापेक्षा कितीतरी जास्त पसरतं, दर अंशाला हजारात सुमारे एक भाग. वीस लिटर गार पेट्रोल वीस अंशांनी तापलं तर चारशे मिलीच्या आसपास वाढतं, म्हणून गाडीची टाकीही काठोकाठ भरून उन्हात लावू नये.

शेवटी वहीचं. आमच्या पंपरूममध्ये नळीशेजारी दोरीला बांधलेली एक वही आहे. तारीख, वेळ, सेंटिमीटर, कुणी वाचलं, एवढेच चार रकाने. लिटर आम्ही वहीत लिहीत नाही, ते नंतर काढतो. घाईत केलेला गुणाकार चुकला तरी सेंटिमीटरचा मूळ आकडा हाताशी राहतो, आणि कुठल्याही दिवसाचा हिशेब पुन्हा मांडता येतो.